कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणारा एसएमपीएस चालवावा का?

मृण्मयी_त्रिमूर्तीनगर
नमस्कार मंडळी. भाच्याला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, त्याच्यासाठी डेस्कटॉप असेंबल करून घ्यायचा आहे. कॅड, थोडं व्हिडिओ एडिटिंग, आणि गेम तर खेळणारच. इथे नागपुरात बर्डीतल्या एका दुकानातून कोटेशन आणलं. प्रोसेसर आय५-१२४००एफ, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०. प्रत्येक वस्तूपुढे कंपनी, मॉडेल, वॉरंटी नीट लिहिलेली आहे. शेवटच्या ओळीत मात्र फक्त ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस ४५० वॅट’ (एसएमपीएस म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा डबा). ना कंपनी, ना मॉडेल, ना वॉरंटी.

विचारलं तर म्हणाले, ‘ताई, सगळे हाच नेतात, काही होत नाही.’ चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा वेगळा घेतला तर साडेतीन-चार हजार वाढतात.

माझं म्हणणं असं, की ज्या एका डब्यातून बाकी सगळ्या वस्तूंना वीज जाते त्याचंच नाव गाव कोटेशनमध्ये का नसावं? पण मी यातली जाणकार नाही. फरक खरंच तेवढा असतो का? इथला उन्हाळा आणि इथलं व्होल्टेज लक्षात घेऊन सांगा. परदेशी व्हिडिओ बरेच पाहिले, त्यांची खोली एसीतली असते.

वऱ्हाडी_तडका
ताई, साडेतीन हजार देऊन टाका ना बापा. साठ-सत्तर हजाराच्या मशीनले पाचशेचा डबा कायले लावता?

सोल्डरगन
दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी लेबल वाचायला शिका, अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. डब्याच्या बाजूला एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, प्रत्येकाखाली अँपिअर. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून ओढतात. त्यामुळे १२ गुणिले त्याखालचे अँपिअर, हेच तुमचे कामाचे वॅट. बाकी आकडा बॉक्सवर कितीही मोठा छापलेला असो.

लोकल ‘४५० वॅट’वर १२ व्होल्टखाली १४ किंवा १६ अँपिअर लिहिलेलं मी नेहमी बघतो. १६ धरले तरी १९२ वॅट झाले. पुष्कळदा ४५० हा वॅटचा आकडाच नसतो, मॉडेलच्या नावातला भाग असतो, पुढे वॅट लिहिलेलंच नसतं. बारकाईने बघा.

आता तुमच्या मशीनचं गणित. १२४००एफ जोर लावतो तेव्हा इंटेलच्याच आकड्याप्रमाणे ११७ वॅटपर्यंत जातो. आरटीएक्स ३०६० चे १७०. मदरबोर्ड, डिस्क, पंखे मिळून ४०-५० धरा. ३३०-३४० वॅट झाले, म्हणजे १२ व्होल्टवर २७-२८ अँपिअर. १६ वाल्या डब्याकडून २८ मागायचे म्हणजे गेम सुरू झाला की मशीन रिस्टार्ट, आणि हा त्यातल्या त्यात बरा शेवट.

दुकानवाला_इतवारी
माझं स्वतःचं दुकान आहे, त्यामुळे दुसरी बाजूही ऐका. सोल्डरगन भाऊंचं गणित बरोबर आहे, या मशीनला तो डबा मीही देणार नाही. पण ‘लोकल म्हणजे बॉम्ब’ असं सरसकट म्हणू नका. माझ्याकडे रेशन दुकानदार येतात, छोट्या शाळा येतात, टायपिंगवाले येतात. आय३ चं मशीन, ग्राफिक्स कार्ड नाही. भिंतीतून ते मशीन मुश्किलीने ६०-७० वॅट ओढतं. त्यांचं सगळं बजेट १८-२० हजार. त्यात एसएमपीएसवर तीन हजार घाला म्हटलं तर गिऱ्हाईक सरळ दुसऱ्या दुकानात जातं, आणि तिथे त्याला हाच डबा मिळतो. वर्षानुवर्षं चालतात असे डबे.

सोल्डरगन
दुकानवाला भाऊ, कमी लोडवर तो चालतो हे मान्य. माझा आक्षेप वॅटवर नाहीच. बिघडताना तो कसा बिघडतो, यावर आहे.

सध्या बेंचवर एक ‘५०० वॅट’ उघडा पडलाय, तो बघून लिहितो. वीज आत येते तिथे बोर्डवर तीन भागांच्या जागा छापलेल्या आहेत: एक्स कपॅसिटरचा चौकोन, फिल्टर कॉइलचं वर्तुळ (हे दोन विजेतला गोंगाट गाळतात), व्हॅरिस्टरची खूण (हा जादा व्होल्टेज अडवतो). तिन्ही रिकाम्या. कॉइलच्या जागी दोन उघड्या तारा आडव्या टाकून रस्ता जोडून दिलाय. म्हणजे ज्याने बोर्ड आखला त्याला काय लागतं ते नीट ठाऊक होतं, भाग बसवताना गाळले. हीटसिंक ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, अंगठ्याने वाकते. बाहेर जाणाऱ्या तारा इतक्या बारीक की वरचं प्लॅस्टिक सोललं तर आत चार केस दिसतात. पंख्यात धूळ आणि तेल मिळून चिखल झालाय, हाताने फिरवला तर अर्ध्या फेरीत थांबतो.

चांगल्या एसएमपीएसमध्ये आउटपुटवर पहारा असतो. व्होल्टेज वर गेलं, फार खाली आलं, शॉर्ट झालं, आतली गरमी वाढली, तर तो स्वतः बंद पडतो. एटीएक्स, म्हणजे डेस्कटॉपच्या डब्यांसाठी ठरलेलं मानक, त्याच्या नियमाप्रमाणे १२ व्होल्टची लाइन ५ टक्क्यांच्या आतच हलली पाहिजे, म्हणजे ११.४ ते १२.६. पहाराच नसलेल्या डब्यात फीडबॅकचा, म्हणजे व्होल्टेज ताब्यात ठेवणारा, एखादा भाग गेला की १२ चे १५-१६ होतात आणि ते सरळ मदरबोर्ड, हार्ड डिस्कवर जाऊन आदळतात. मशीन ६० वॅट ओढत असो की ३००, त्याने यात काहीच फरक पडत नाही. रेशन दुकानदाराची सगळी खतावणी त्याच डिस्कवर असते.

रेवती_म
हार्ड डिस्कचं निघालं म्हणून. माझ्या चुलतभावाच्या मशीनमध्ये असंच झालं. संध्याकाळी फट्ट आवाज, जळकट वास, आणि दुसऱ्या दिवशी नवीन एसएमपीएस लावला तर डिस्क फिरेचना. त्याच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात. डेटा रिकव्हरीवाल्याने बोर्डवरचा एक छोटा डायोड दाखवला. तो १२ व्होल्टच्या लाइनवर पहारेकरी असतो म्हणे, जास्त व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होऊन मागचं सर्किट वाचवतो. तो काढल्यावर डिस्क फिरली, फोटो मिळाले. वहिनी त्या दुकानातच रडल्या. सगळ्यांच्या नशिबी तो डायोड वेळेवर धावून येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. ताई, पैसे घाला.

सोल्डरगन
बरोबर, टीव्हीएस डायोड म्हणतात त्याला. पण तो काढून डिस्क वापरत राहू नये. डेटा उतरवायचा आणि डिस्क बाजूला ठेवायची.

प्रमेय
गरमीबद्दल विचारलंय, त्यावर कोणी बोललं नाही. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, थोडं गणित करतो.

एसएमपीएसमधला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आत द्रव असतो, तो हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा, की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. आता दोन कपॅसिटर घ्या, दोन्हींवर २००० तास लिहिलेलं, पण एक ८५ अंशांचा, दुसरा १०५ चा. डब्यात ६५ अंश असतील तर ८५ वाला दोन पायऱ्या खाली आहे, २००० चे ८००० तास झाले. १०५ वाला चार पायऱ्या खाली, ३२,००० तास. रोज ८ तास मशीन चालू धरलं तर पहिला १००० दिवस, म्हणजे तीन वर्षंही नाही. दुसरा जवळपास ११ वर्षं.

यात नागपूर घाला. खोलीच ४० अंशांची, कॅबिनेट भिंतीला चिकटवलेलं, पंख्यात धूळ. डब्यात ६५ ऐवजी ७५ झाले की पहिल्याचे ४००० तास, म्हणजे ५०० दिवस. दुसऱ्याला अजून साडेपाच वर्षं आहेतच. सिलिंग फॅनखाली चालणाऱ्या मशीनला म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर पाहिजेतच.

दुसरं, वाया जाणारी वीजही उष्णताच होते. मशीनला ३०० वॅट लागतात आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ७५ टक्के, तर तो भिंतीतून ४०० ओढतो, १०० वॅट डब्यातच तापतात. ८८ टक्क्यांचा असेल तर ३४१ ओढतो, ४१ वॅट तापतात. आतल्या कपॅसिटरसाठी १०० आणि ४१ मध्ये फार मोठं अंतर आहे.

वऱ्हाडी_तडका
प्रमेय सर, ४० कायची घेऊन बसले? २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७ च्या वर गेला होता. आन् २०२४ च्या मे मध्ये तं ५६ अंश झाल्ते आपल्या नागपुरात!

प्रमेय
ते ५६ अंश स्वयंचलित केंद्राच्या सेन्सरचा दोष होता, हवामान खात्याने लगेच खुलासा केला होता.

वऱ्हाडी_तडका
मले माहीत हाय सर, पण त्या दिवशी गच्चीवर गेलो असतो तं मीही ५६ च सांगितले असते.

कीबोर्डवीर
सेन्सरवरून आठवलं. खूप जण विंडोजमधल्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टची लाइन ८ किंवा १० दाखवते म्हणून घाबरतात. खरंच ८ असती तर मशीन सुरूच झालं नसतं. मदरबोर्डवरची ती मोजणी बेभरवशाची असते. मल्टिमीटर लावा. पिवळी तार आणि काळी तार, गेम किंवा जड काम चालू असताना. रिकाम्या मशीनवरचं माप फारसं काही सांगत नाही.

हिरव्या आणि काळ्या तारेत पेपरक्लिप घालून ‘पंखा फिरला, म्हणजे चांगला आहे’ म्हणणारेही भेटतात. त्याने फक्त तो सुरू होतो एवढंच कळतं.

आणि कृपा करून कोणी डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३२० व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो, प्लग काढल्यावरही काही काळ राहतो. सोल्डरगन यांचा तो रोजचा धंदा आहे, आपला नाही.

निवांत_काका
मी वीज क्षेत्रातून निवृत्त झालो. व्होल्टेजबद्दल लिहितो.

आपल्याकडे मशीनं सर्वाधिक मरतात ती दोन वेळी. एक म्हणजे मे-जूनच्या वादळात, झाडाची फांदी तारेवर पडून न्यूट्रल (परतीची तार) तुटतो तेव्हा. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल तुटला की ज्या घरावर लोड कमी त्या घरात २३० ऐवजी ३००, ३५०, कधी ४०० जवळ व्होल्टेज येतं. टीव्ही, फ्रिज, मोडेम, कॉम्प्युटर एका क्षणात. दुसरी वेळ संध्याकाळची. सात वाजले की गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसतं आणि मोटर सुरू-बंद होताना झटके येतात.

चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (आत येणारी वीज सावरून घेणारं सर्किट) असतो, तो १०० पासून २४० व्होल्टपर्यंत काम करतो. त्यामुळे संध्याकाळचा १७०-१८० व्होल्टचा प्रश्न त्याच्यापुरता सुटतो, स्टॅबिलायझरची गरज नाही. न्यूट्रल तुटल्यावर ४०० आले तर मात्र तोही मरू शकतो, पण आतला व्हॅरिस्टर आणि फ्यूज पुढच्या मशीनला बहुधा वाचवतात. घरासाठी कायमचा उपाय म्हणजे डीबीत (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीत) बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. भाच्याच्या मशीनसोबत ताईंचा फ्रिजही वाचेल.

जुन्या डब्यांना मागे ११५/२३० चा लाल स्विच असतो, त्याला लहान मुलांपासून जपा. ११५ वर ठेवून २३० ला लावला तर मोठा आवाज होतो आणि खेळ संपतो.

शेवंती_हिंगणा
काका, लाल स्विचचं माझ्या वर्गातल्या पोरांनी करून दाखवलं आहे. कॉम्प्युटर लॅबची शिक्षिका आहे मी. आता त्या स्विचवर जाड चिकटपट्टी असते.

लॅबचा अजून एक अनुभव. कूलरच्या थेट समोर ठेवलेली मशीनं आधी जातात. ओली हवा आणि बारीक धूळ आत जाऊन बोर्डवर थर बसतो, काही ठिकाणी हिरवट गंज. त्या रांगेतली कॅबिनेटं आम्ही कूलरच्या झोतातून बाजूला हलवली आणि उन्हाळ्याआधी ब्लोअर मारायला लागलो.

जरा_ऐका
सगळे ‘ब्रँडेड घ्या’ म्हणून राहिले, पण नुसत्या ब्रँडवर जाऊ नका. २०२१ मध्ये गिगाबाइटच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या मॉडेलवरून केवढा गदारोळ झाला होता. ८० प्लस गोल्ड (कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राची वरची पायरी) असलेले डबे, आणि परीक्षकांच्या बेंचवर धडाधड फुटले. ऑगस्टमध्ये कंपनीने ओव्हर पॉवर प्रोटेक्शनची (जास्त लोड आला की डबा बंद पडण्याची) मर्यादा खाली आणल्याचं सांगितलं आणि ठरावीक सीरियल क्रमांकांचे डबे बदलून द्यायची तयारी दाखवली. म्हणून मॉडेलचा सविस्तर रिव्ह्यू वाचा, नुसता लोगो बघू नका.

८० प्लस हे प्रमाणपत्र फक्त कार्यक्षमतेचं आहे. ते २३ अंशांच्या खोलीत मोजलं जातं. संरक्षण सर्किट आहेत की नाहीत, ४५ अंशांत तो किती टिकतो, याबद्दल ते काहीच सांगत नाही. आणि लोकल डब्यावरही कुणी तसलं स्टिकर चिकटवू शकतं. ८० प्लसच्या संकेतस्थळावर मॉडेलवार यादी आहे, तिथे शोधा.

कीबोर्डवीर
त्यासोबत बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूणही बघा. लेबलवर ‘आर-’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो, कोणत्या उत्पादकाचा आहे ते दिसतं. ती सुरक्षिततेची नोंदणी आहे, दर्जाची नाही, पण बनावट माल बऱ्यापैकी गळतो.

दुकानवाला_इतवारी
लेबलचा फोटो काढून ॲपमध्ये तपासणारं गिऱ्हाईक आलं तर मला आनंदच आहे, खरंच. चांगला माल ठेवणाऱ्याची अडचण हीच आहे की दोन डबे बाहेरून सारखे दिसतात. मी एकदा दोन्ही गिऱ्हाइकाच्या हातात ठेवले. वजनातच केवढा फरक! चांगल्यात तांबं आणि मोठे हीटसिंक असल्यामुळे तो जड लागतो. गिऱ्हाइकाने जड उचलला. आता काउंटरवर दोन्ही कायम ठेवतो.

सोल्डरगन
ही युक्ती फार चांगली. फक्त एवढं सांगतो, आत लोखंडाचा तुकडा टाकून वजन वाढवलेले डबेही मी पाहिलेत.

दुकानवाला_इतवारी
काय सांगता! उद्या स्टॉक तपासतो.

अ_बोलकी
कमी बजेटवाल्यांसाठी एक पर्याय कोणी मांडला नाही. टायपिंग, टॅली, ऑनलाइन फॉर्म एवढंच काम असेल तर नवीन असेंबल करण्यापेक्षा मोठ्या कंपन्यांची ऑफिसमधून निघालेली जुनी डेस्कटॉप बघा, डेल, एचपी, लेनोवोची. त्यांच्या आतला एसएमपीएस २००-३०० वॅटचाच असतो, पण लिहिलेले वॅट तो खरोखर देतो आणि संरक्षण सर्किट असतात. माझ्या मामेभावाचं सेतू केंद्र अशाच मशीनवर चालतं. अडचण एकच, त्यातल्या बऱ्याच मॉडेलचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे असतात, त्यामुळे एसएमपीएस गेला तर बाजारातला साधा एटीएक्स बसत नाही. ग्राफिक्स कार्ड लावायचं मनात असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

दुकानवाला_इतवारी
हे मात्र पटलं. १८-२० हजारवाल्याला लोकल डब्यासह नवीन देण्यापेक्षा हे खरंच बरं.

मृण्मयी_त्रिमूर्तीनगर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाच्यासोबत दुकानात जाऊन डब्याचं लेबल वाचलं. मॉडेलच्या नावात ४५०, वॅट कुठेही लिहिलेले नाहीत. १२ व्होल्टखाली १६ ए. सोल्डरगन, तुमचा आकडा तंतोतंत! ‘आर-’ क्रमांक नाहीच. ग्राफिक्स कार्डला लागणारा ८ पिनचा कनेक्टरही नव्हता. त्यासाठी मोलेक्सपासून (जुन्या ४ पिनच्या कनेक्टरपासून) बनवलेली जोडतार देतो म्हणाले.

ठरलं, वेगळा घेणार. आता उरलेले प्रश्न. ५५० वॅट पुरेल का? आमच्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस आणि घराचा इन्व्हर्टर आहे, ते चालतील का?

कीबोर्डवीर
ती जोडतार अजिबात घेऊ नका. मोलेक्सची पिन एवढ्या प्रवाहासाठी नसते, ढिली बसते, तापते, प्लॅस्टिक वितळतं. साध्या ओतीव मोलेक्स-साटा (साटा म्हणजे डिस्कला वीज देणारा कनेक्टर) जोडतारांनाही आग लागल्याची उदाहरणं जगभर आहेत. ज्या एसएमपीएसला ८ पिनची स्वतःची तार नाही, तो त्या कार्डासाठी बनलेलाच नाही, एवढं समजा.

प्रमेय
५५० पुरेसा. तुमची गरज ३४० च्या आसपास, म्हणजे तो साठ-पासष्ट टक्के लोडवर चालेल. ३०६० साठी एनव्हिडियाची शिफारसही ५५० चीच आहे. घेताना त्याचे वॅट किती अंशांना मोजलेत ते बघा. चांगले उत्पादक ४० किंवा ५० अंशांना पूर्ण वॅट देतो असं स्पष्ट लिहितात. आपल्याला तोच पाहिजे. ८० प्लसची ब्राँझ ही खालची पायरी चालेल, गोल्डसाठी ताणू नका, त्यापेक्षा १०५ अंशांचे कपॅसिटर आणि पाच वर्षांची वॉरंटी बघा.

यूपीएसचं मात्र जमणार नाही. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. मॉनिटर धरून तुम्ही त्याच्या काठावर जाल. शिवाय स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायरीसारखी लहर देतात, ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या एसएमपीएसला ती काही वेळा मानवत नाही आणि लाइट गेल्याबरोबर मशीन बंद पडतं. १००० व्हीएच्या पुढचा बघा, प्युअर साइन वेव्हचा (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) मिळाला तर उत्तम.

निवांत_काका
इन्व्हर्टरवर मागे यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असा स्विच असतो. चांगला एसएमपीएस वीज खंडित झाल्यावर पूर्ण लोडला साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडला बदल १०-१५ मिलिसेकंदांत होतो, म्हणून तो ठेवावा. नॉर्मल मोडला वेळ बराच जास्त लागतो, तिथे मशीन रिस्टार्ट होईल. लोकल डब्यात मुख्य कपॅसिटर लहान असतो, त्यामुळे यूपीएस मोडलाही तो दगा देतो, आणि लोक इन्व्हर्टरवाल्याशी भांडतात.

तन्मय_मानेवाडा
धागा वाचून मागच्या आठवड्यात चांगला ५५० वॅट ब्राँझ घेतला. पण एक विचित्र गोष्ट. आधीच्या लोकल डब्यावर कॅबिनेटला हात लावला तर काही होत नव्हतं. आता अनवाणी असताना हात लागला की झिणझिण्या येतात. नवीन पीस खराब निघाला का? बदलून घेऊ का?

वऱ्हाडी_तडका
पयले चप्पल घाला भाऊ.

सोल्डरगन
तन्मय, पीस बदलू नका, तो बहुतेक ठणठणीत आहे. तुमच्या सॉकेटच्या अर्थिंगचा घोळ आहे.

चांगल्या एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये वाय कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल, दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात आणि गोंगाट अर्थिंगमध्ये सोडतात. अर्थिंग असेल तर तुम्हाला काही जाणवत नाही. नसेल तर पत्रा मधल्या व्होल्टेजवर तरंगत राहतो, ११०-११५ च्या आसपास. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. लोकल डब्यात वाय कपॅसिटरच गाळलेले असतात, म्हणून तिथे हा प्रकार जाणवला नाही. माझ्याकडे दर उन्हाळ्यात चार-दोन लोक चांगला एसएमपीएस ‘करंट मारतो’ म्हणून घेऊन येतात आणि जुना परत लावून द्या म्हणतात.

मल्टिमीटर एसीवर ठेवा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या जवळ पाहिजेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ १०० किंवा काहीतरी भलताच आकडा आला तर अर्थची तार कुठेतरी तुटली आहे किंवा टाकलेलीच नाही. मोजायची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

तन्मय_मानेवाडा
मोजून घेतलं. शेजारचे दादा इलेक्ट्रिशियन आहेत. फेज-न्यूट्रल २२६, फेज-अर्थ ९४. सॉकेट उघडला तर वरच्या पिनला तारच नव्हती!

निवांत_काका
तसंच सोडू नका. त्या खोलीत कूलर आहे का? कूलरही त्याच बोर्डवर असेल तर आधी तो बंद करा. अर्थिंग नसलेला लोखंडी कूलर आणि ओली फरशी, विदर्भात दर उन्हाळ्यात यात माणसं जातात. डीबीपासून हिरवी तार नव्याने ओढून घ्या. न्यूट्रलला जोडून ‘अर्थिंग झाली’ म्हणणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला करू देऊ नका, न्यूट्रल तुटला की सगळा पत्रा जिवंत होतो. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवा.

तन्मय_मानेवाडा
कूलर त्याच बोर्डवर आहे काका. आत्ताच प्लग काढला. दादा म्हणतात तार उद्या सकाळी ओढून देतो, आरसीसीबी आणायला मी आता बर्डीला निघालोय.

मृण्मयी_त्रिमूर्तीनगर
तन्मय, त्या दादांना आमच्याकडेही पाठवता का? भाच्याच्या खोलीतले सॉकेट मशीन यायच्या आधी मोजून घेते. नंबर मेसेज करा.